दारावरची डहाळी

२०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र सरकारने किमान हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटांत वाइन विकू द्यायचं ठरवलं आणि एकच गदारोळ उठला. एक बाजू म्हणे, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. दुसरी म्हणे, वाइन म्हणजे दारू नव्हेच, शेतकऱ्याचं भलं होईल. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. त्याच आठवड्यात निफाडहून मामांचा फोन आला. त्यांची तीन एकर थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, बाग आहे. "तुमच्या जर्मनीत तर वाण्याकडेच मिळते ना रे वाइन? मग तिकडं काय बिघडलं?"

तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आज सांगतो.

मामा, बिघडतं. माझ्या खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज सकाळी रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन उतरतात आणि वाण्याच्याच दुकानातून भरलेली आणतात. हात थरथरतात, म्हणून पिशवी छातीशी धरतात. इथे सोळाव्या वर्षी मुलांना वाइन विकत घेता येते, तिच्यावर अबकारी करही नाही. वाइन ही दारूच आहे. शेतकऱ्याचं नाव पुढे करून ते नाकारणं मला पटत नाही.

पण मोझेल नदीच्या काठी मी जे चाखलं, तेही तितकंच खरं आहे. उभ्या चढावर शाळेच्या पाटीसारखा काळा, पापुद्र्यांचा दगड, आणि त्यात रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाचे वेल. त्याच द्राक्षाची काबिनेट नावाची हलकी वाइन आठ-नऊ टक्के मद्यार्काची, आंबटगोड, कैरीच्या पन्ह्याच्या जवळ जाणारी. घरी मटणाचा रस्सा केला तेव्हा आधी फ्रान्समधल्या बोर्दोची लाल वाइन उघडली होती. तिचा तुरटपणा आणि आपली मिरची एकत्र आली आणि जीभ भाजली. रश्शाचीही चव गेली, वाइनचीही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या रश्शासोबत काबिनेट घेतली. घोटागणिक तिखट निवत गेलं, मसाला मात्र जागेवर राहिला. लिस्बनला जूनमध्ये निखाऱ्यावर भाजलेल्या तारल्यांबरोबर विन्यु व्हेर्द ही पोर्तुगालची वाइन प्यायलो, लिंबू पिळल्यासारखी झणझणीत, तेलकटपणा धुऊन काढणारी. फ्रान्समधल्या अल्सासची गेवुर्ट्स्ट्रामिनर ही वाइन मात्र मला अत्तरासारखी वाटते. एक पेला पुरे.

सांगायचं आहे ते या चवींच्या जागेबद्दल. मोझेलकाठच्या गावांत श्ट्राउसविर्टशाफ्ट असतात. वाइन करणारा शेतकरी दारावर हिरवी डहाळी टांगतो, म्हणजे घर उघडं आहे. वर्षातून फार तर चार महिने, चाळीसच खुर्च्या, साधंच जेवण, आणि वाइन फक्त स्वतःची. एवढं पाळलं तर वेगळा परवाना लागत नाही. ऑस्ट्रियात तर सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्येच शेतकऱ्यांना आपली वाइन घरी विकायची मुभा दिली. मी जातो तिथे मालकीणबाई स्वतः पेला आणतात, सोबत कांद्याचा गरम केक, आणि खिडकीतून बोट दाखवतात: ही त्या वरच्या चौथ्या ओळीतली. तिथे कुणी घाईने पिताना मी पाहिलेलं नाही. वाइन आधी जेवणाच्या ताटाशेजारी येते, मग पोटात जाते.

सुपरमार्केटच्या फळीने मामांना काय मिळालं असतं? थॉमसनची चांगली वाइन होत नाही. शेनिन ब्लां, शिराज ही वाइनची द्राक्षं लावणारे वेगळे, आणि फळीवर जागा मिळते ती मोठ्या कारखान्यांना. म्हणून माझं मत असं: फळी नको, डहाळी द्या. दिंडोरी-निफाडच्या ज्या शेतकऱ्याला दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावून स्वतः वाइन करायची आहे, त्याला वर्षातले चार महिने ओट्यावर, भाकरी-ठेच्यासोबत, ती विकू द्या. वय तपासायला तोच समोर उभा असेल, आणि गावात त्याला तोंड दाखवायचं असेल.

मामा-मामी यंदा मे महिन्यात येणार आहेत. पहिल्या शनिवारी त्या मालकीणबाईंकडेच नेणार आहे. मामी माळकरी आहेत. त्यांच्यासाठी तिथे त्याच वेलांच्या द्राक्षांचा रस मिळतो.