‘शास्त्रज्ञ जन्मभर नुसता पगार खातात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

दसऱ्यापासून आमच्या अंबाजोगाईकडच्या तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘कोरोनाची लस वर्षात आली, मलेरियाची शंभर वर्षांत नाही. शास्त्रज्ञ जन्मभर एका जंतूवर पगार खातात आणि विषाणूची साथ आली की तिकडे उडी मारतात. मलेरियाचं सगळं तर 1897 मध्येच आपल्या निजामाच्या राज्यात रॉसने शोधून ठेवलं होतं.’ मी बीड जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांवर 27 वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या तपासल्या. शिकल्यासवरलेल्या माणसांनी हा मेसेज पुढे पाठवलेला पाहून वाईट वाटलं.

आधी ‘उडी मारतात’ हे घेतो, कारण सगळ्यात मोठा अन्याय तिथे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड ऑक्सफर्डमध्ये घडवण्यात सारा गिल्बर्ट पुढे होत्या. त्या 1994 मध्ये ऑक्सफर्डला आल्या त्या मलेरियावर काम करायला, एड्रियन हिल यांच्या गटात. चिंपांझीला सर्दी करणारा विषाणू घ्यायचा, तो माणसाच्या अंगात वाढणार नाही असा करायचा, त्याच्यात मलेरियाच्या जंतूचा जनुक बसवायचा आणि शरीराला शत्रूची ओळख पटवायची, ही वाट तिथल्या लोकांनी मलेरियासाठी तुडवली. मलेरियाला ती पुरी पडली नाही. पण विषाणूचं वाहन कसं करायचं, डोस किती, माणसाला सोसतं का, हे ज्ञान हातात राहिलं. गिल्बर्ट यांनी ते फ्लूसाठी वापरलं, मग मर्ससाठी. आणि मर्स हा कोरोनाचाच भाऊबंद. म्हणून जानेवारी 2020 मध्ये नव्या विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाली आणि 23 एप्रिलला पहिल्या स्वयंसेवकांना लस टोचता आली. त्या एका वर्षाची मोजणी 1994 पासून करा.

मलेरियाची लस नाही, हेही खोटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एका आणि 2023 मध्ये दुसऱ्या लशीची शिफारस केली. दुसरी, आर21, हिल यांच्याच संस्थेची आणि पुण्याच्या सीरममध्ये बनते. आफ्रिकेतल्या लेकरांना ती दिली जाते. तिच्यात मलेरियाच्या प्रथिनाचा तुकडा हिपॅटायटिस-बी विषाणूच्या प्रथिनावर बसवलेला आहे. म्हणजे मलेरियावाल्याला विषाणू कळावाच लागतो.

मग इतका वेळ का लागला? कोरोनाची सगळी जनुकीय माहिती जेमतेम 30 हजार अक्षरांची. फाल्सिपेरम या मलेरियाच्या सगळ्यात घातक जंतूची 2 कोटी 30 लाख, जनुकं पाच हजारांवर; ती पूर्ण वाचून झाली 2002 मध्ये. डासात त्याचं रूप वेगळं, यकृतात वेगळं, रक्तात वेगळं. मी नवा होतो तेव्हा एकाच काचपट्टीवर अंगठीसारखे आणि चंद्रकोरीसारखे जंतू बघून हे दोन वेगळे आजार समजलो होतो. त्यात तांबड्या पेशीवर चढवायच्या वेशाची सुमारे 60 जनुकं त्याच्याकडे असतात. शरीराने एक वेश ओळखला की हा बहुरूपी दुसरा घालून येतो.

विषाणूंवर वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचंही सांगतो. 2006 मध्ये चिकुनगुन्या मराठवाड्यात आला तेव्हा घरंच्या घरं सांधे धरून बसली होती. आपल्या शेजारी बार्शीत 1973 मध्ये हीच साथ येऊन गेली होती, आणि तेव्हाचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जपलेला होता. ताडून बघितल्यावर कळलं की जुना आशियाई घराण्यातला, नवा आफ्रिकी. ती कुपी 33 वर्षं कुणी सांभाळली नसती तर ताडायचं कशाशी?

राहिला रॉस, म्हणजे मलेरिया डासातून पसरतो हे शोधणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस. 20 ऑगस्ट 1897 ला सिकंदराबादेत त्यांना रुग्णाचं रक्त प्यालेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत जंतूच्या गाठी दिसल्या. शोध मोठाच. पण डास चावल्यावर जंतू आधी माणसाच्या यकृतात जातो, हे 1948 मध्ये सिद्ध झालं. आणि व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचे काही जंतू यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात, हे 1980 नंतर. आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्यांना याच झोपलेल्या जंतूने छळलंय. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांत ताप उतरतो, माणूस यकृतातल्या झोपलेल्या जंतूला मारणाऱ्या प्रायमाक्विनच्या गोळ्या कोपीतल्या (झोपडीतल्या) पिशवीत तशाच ठेवतो, आणि दोन महिन्यांनी फडात पुन्हा हुडहुडी भरते. मुकादम म्हणतो, गोळ्या खोट्या.

प्रायमाक्विनच्या या गोळ्या 14 दिवसांच्या का, याचं उत्तर रॉसकडे नव्हतं. टोळ्या आता निघतील. व्हायवॅक्स निघालेल्या ऊसतोड मजुराने 14 दिवसांच्या पूर्ण गोळ्या आणि काचपट्टीच्या निकालाची चिठ्ठी सोबत न्यावी. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना प्रायमाक्विन देत नाहीत, तेवढं आरोग्य सेवकाला आधी सांगा.