दुखत नाही म्हणून थांबू नका

लघवीची कुठलीही तक्रार आपण एकाच प्रश्नावर तोलतो: दुखतंय का? दुखत असेल तर डॉक्टर, नसेल तर बघू पुढे. या सवयीने लोकांचं फार नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. मूत्रमार्गाच्या आजारांत कळ किती आणि धोका किती, याचा मेळ बरेचदा बसत नाही.

मुतखड्याने माणूस गडाबडा लोळतो, पण ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपोआप पडून जातो. याउलट लघवीतून एकदाच रक्त जातं, काहीही दुखत नाही, दुसऱ्या दिवशी लघवी पुन्हा स्वच्छ. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून विषय तिथेच संपतो. मूत्राशयाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण बहुतेकदा हेच असतं: न दुखता, मधूनच जाणारं रक्त. ते थांबलं म्हणजे आजार गेला असं नाही. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी तर एक दिवसही घालवू नये, कारण धुरातली घातक रसायनं मूत्रपिंडातून गाळून लघवीत उतरतात आणि मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हेही तपासणी टाळायचं कारण नव्हे. बीट खाल्ल्याने किंवा क्षयाच्या रिफाम्पिसिनने रंग बदलतो हे खरं, पण ते रक्त आहे की नाही हे लघवीच्या साध्या तपासणीवरून ठरू द्या. रक्तच निघालं, तर थेट युरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाच्या आजारांचे तज्ज्ञ डॉक्टर.

पुरुषांचं दुसरंच. धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. सगळं वयाच्या खात्यावर टाकलं जातं. वाढलेली प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) बहुतेकदा कर्करोगाची नसते आणि अनेकांना गोळ्यांनीच आराम पडतो. पण लघवी पूर्ण सुटत नसेल तर मूत्राशय हळूहळू ताणत जातं, कळ जाणवत नाही, आणि दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तेव्हा कुठे घरच्यांना कळतं. (प्रोस्टेटसाठी रक्तात तपासतात ते पीएसए वाढलं की लगेच धसका घेऊ नका, ते संसर्गानेही वाढतं.)

बायकांच्या बाबतीत मला खरोखर राग येतो. खोकताना-शिंकताना लघवी निसटते, आणि ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ म्हणून त्यांना गप्प बसवलं जातं. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच मांडले. नीट शिकून नेमाने केले तर पुष्कळ जणींना फरक पडतो, आणि नाही पडला तर पुढचे उपचारही आहेत.

संसर्गाने लघवीला जळजळ एखाद्या वेळी झाली तर नेहमीचे डॉक्टर पुरेसे. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाली तर युरॉलॉजिस्टना दाखवा, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे कुठले जंतू आहेत ते शोधणारी तपासणी, करून घ्या. उरलेल्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. पुरुषाला संसर्ग झाला तर कारण शोधायलाच हवं.

काही वेळा मात्र तासांचा हिशेब असतो. लघवी पूर्ण तुंबली, किंवा खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. मुलाच्या अंडकोषात अचानक जोराची कळ आली तर पीळ पडलेला असू शकतो, आणि साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते. वयात येणारी मुलं लाजून ‘पोटात दुखतंय’ एवढंच सांगतात. त्यांना स्पष्ट विचारा.