प्रेत देखणं हवं

बायकांवरच्या अत्याचारांबद्दल तुम्हाला मनापासून कळवळा आहे आणि वर निर्माताही गाठीला आहे? मग सायकॉलॉजिकल थ्रिलरच काढा. पुणं निवडलंत हे झकास. पावसाळी मुठा, पेठेतला अंधारा वाडा, निम्मं काम तिथंच होतं. वाड्याचं शूटिंग तेवढं लवकर उरका, नाहीतर बिल्डर तुमच्याआधी पोचायचा.

बाईला पाचव्या मिनिटाला मारून टाका. जिवंत बाई बोलते, म्हणजे तिचे संवाद लिहिणं आलं. मेल्यावर मात्र तिच्याकडे निवांत बघता येतं. कॅमेरा घोट्यापासून सुरू करून ओल्या केसांपर्यंत न्या, घाई नको. कुणी नाक मुरडलंच तर शेवटी काळ्या पाटीवर 'समस्त स्त्रीशक्तीला अर्पण' असं लिहा. भागतं तेवढ्यावर.

खुन्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नका. त्याला बुद्धिबळ येऊ द्या, मारवा कळू द्या, प्रेताशेजारी चिठ्ठी सोडू द्या. पुण्याचा खुनी आहे, ऱ्हस्वदीर्घ बिनचूक हवेत. लहानपणीची एक जखम हवीच, आणि ती आईनं दिलेली हवी. मारायचा बाप, पण त्याला बिघडवलं आईनं, हे आपल्याकडे चटकन पटतं.

खुनी साधा माणूस मात्र अजिबात नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) 18 ते 49 वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या सुमारे 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आता यात रहस्य कसलं? मारणारा कोण हे तिला ठाऊक, माहेरी ठाऊक, आणि 'भांडं पडलं वाटतं' म्हणत टीव्हीचा आवाज वाढवणाऱ्या शेजारच्या काकूंनाही ठाऊक. हिंसा सोसलेल्यांपैकी जेमतेम 14 टक्के बायका कुणाकडे मदत मागतात. बाकीच्यांचं गप्प बसणं पडद्यावर दाखवायचं तर प्रेक्षक पॉपकॉर्न आणायला उठणार.

जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन ओळखीच्या मुलीमागे धावला, तेही भर सकाळी. तिला वाचवलं स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी. थ्रिलरवाल्याच्या दृष्टीनं सगळाच विचका! रात्र नाही, कोडं नाही, खचलेला दारुडा इन्स्पेक्टर नाही, आणि कहर म्हणजे मुलगी जगली.

नायकानं नायिकेचा पाठलाग केला तर मागे बासरी, खुन्यानं केला तर चेलो. एवढं सांभाळलं की दोघांतला फरक प्रेक्षकाला आपोआप कळतो. पाठलाग हा 2013 पासून स्वतंत्र गुन्हा आहे खरा, आणि आताच्या न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये बसतो. पण पहिल्या खेपेला जामीन हक्कानं मिळतो, म्हणजे दुसऱ्या गाण्याला नायक मोकळाच. लग्नातल्या बलात्काराच्या वाटेला जाऊच नका. बायको 18 च्या वरची असेल तर कलम 63 च्या अपवादानुसार तो बलात्कारच नव्हे. जे घडतच नाही त्याचा सेट कशाला लावायचा?

कुणी जुनं उकरून काढेल. 1937 मध्ये याच पुण्यात प्रभातनं 'कुंकू' काढला. त्यातली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला पुरा सिनेमाभर नकार देते आणि शेवटी जीव जातो तो नवऱ्याचा. हे असलं आज निर्मात्याला ऐकवून बघा, चहासुद्धा विचारणार नाही.

चौकीचा प्रसंग टाळा. ती बाकावर बसलेली, समोरचा म्हणतो, 'घरातलंच आहे ना ताई, घ्या समजुतीनं.' मग 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, संरक्षण अधिकारी, अर्ज, शिक्का, पुढची तारीख. यात दचकवणार कुठे तुम्ही? फार तर पंखा कुरकुरेल.

प्रीमियरनंतर परिसंवाद ठेवा. विषय 'स्त्रीचं मन', वक्ते तीन पुरुष, आणि पुष्पगुच्छ द्यायला एक अभिनेत्री. तिनं काही विचारायला तोंड उघडलंच तर वेळेअभावी आभार मानून टाका. आणि खुन्याला शेवटी मारू नका हं, त्याला पळू द्या. दुसऱ्या भागासाठी तोच नट परवडतो. बाई काय, नवी घेता येते.