बनी तो बनी

मे महिन्यात परभणीत दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळं घरातल्या घरात नसते उद्योग सुचतात. मला सुचला तो असा: जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा, त्यात मीडिया सेंटर टाकायचं आणि सिनेमे, आबांची कीर्तनं, भाच्याची गाड्यांची गेम, सगळं एका रिमोटवर आणायचं. (पूर्वी विंडोजमध्ये मीडिया सेंटर आयतं मिळायचं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि ते गेलं. म्हणून दुसरं शोधून बसवलं. इथपर्यंत मी हुशार होतो.)

कीर्तन लागलं. सिनेमा लागला. गेमवर ओके दाबलं की पडदा काळा, आणि दोन सेकंदांत परत मेनू. तीच गेम डेस्कटॉपवरून उघडली की मुकाट्यानं सुरू.

"मामा, होईना गेलंय का?" सुट्टीला आलेला भाचा दर पाच मिनिटांनी.

गेम काढून पुन्हा टाकली. ड्रायव्हर बदलले. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणतात. मी आधीच परभणीत, म्हणजे तोही मार्ग बंद.

तिसऱ्या रात्री शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज उघडल्या. टार्गेटच्या खाली 'स्टार्ट इन' नावाचा एक रकाना असतो, प्रोग्रॅमनं कुठल्या फोल्डरात सुरू व्हायचं ते सांगणारा. डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये तो भरलेला होता. मीडिया सेंटरला मात्र मी गेमच्या ईएक्सई फाईलचा नुसता पत्ता दिलेला. त्यामुळं गेम उघडायची ती मीडिया सेंटरच्या फोल्डरात, आणि आपल्या फाईली तिथंच शोधायची. शेजारणीच्या स्वयंपाकघरात उभं राहून आपला मिठाचा डबा हुडकावा, तसं. सापडत नाही म्हटल्यावर आल्या पावली परत.

आबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पत्रिकेवर मुहूर्त छापला आन् गाव राहिलं." तीन रात्रींचा हिशेब एका वाक्यात.

मग दोन ओळींची बॅच फाईल लिहिली: आधी त्या फोल्डरात जा, मग गेम चालू कर. तरी नाही! गेम डी ड्राइव्हवर, आणि फोल्डर बदलायच्या 'सीडी' कमांडला स्लॅश डी जोडल्याशिवाय स्वारी सी ड्राइव्ह सोडत नाही. त्यात चौथी रात्र.

पाचव्या दिवशी गाडीचा आवाज आला. नुसता आवाज. चित्र मीडिया सेंटरच्या फुलस्क्रीनमागं दडलेलं. आई स्वयंपाकघरातून, "दारात कोण आलंय बघ रे." शेवटी ऑल्ट-टॅब करून गेम पुढं ओढली.

आता सगळं चालतं. फक्त गेमपॅडचं बटण पुढं गेमला कळतं तसं मागं मीडिया सेंटरलाही कळतं. भाच्यानं ब्रेक दाबला आणि गाडीमागून कीर्तन सुरू झालं. डावीकडं वळला की बुवा दहा सेकंद मागं, उजवीकडं वळला की पुढं. मी सेटिंग उघडायला उठलो, तर आबांनी हात धरून खाली बसवलं.

"राहू दे तसंच. लेकरू पहिल्यांदाच तासभर कीर्तनाला बसलंय."