नोंदवहीला पेटंट नको

भारतीय पेटंट कायद्यातलं कलम ३(के) आता काढूनच टाकावं, असं म्हणणाऱ्यांचा आवाज गेल्या काही वर्षांत वाढला आहे. गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्राम यांना पेटंट मिळणार नाही, असं हे कलम सांगतं. २०२१ मध्ये वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने त्याचा फेरविचार सुचवला. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ओपनटीव्ही प्रकरणात, व्यवसायाच्या पद्धतींवरची बंदी आजच्या कायद्यात पूर्ण आहे असं सांगतानाच, तिचा पुनर्विचार व्हावा असंही नमूद केलं. आणि या चर्चेत एक वाक्य हमखास येतं: अमेरिकेत असं कलम नाही, म्हणून तिथलं सॉफ्टवेअर पुढे गेलं.

मी अमेरिकेत राहते. मोठ्या संस्थांची संगणकीय उपकरणं कुठे आहेत याचा माग ठेवणं आणि त्यांचं आयुष्य संपलं की ती सुरक्षितपणे बाद करणं, हे माझं कामाचं क्षेत्र. त्यातले पेटंट अर्ज आणि त्यांवर परीक्षकांनी घेतलेले आक्षेप मला वाचावे लागतात. त्यावरून मी ठामपणे म्हणेन, की कलम ३(के) राहू द्यावं. भांडायचं असेल तर ते ज्या रीतीने लावलं जातं, तिच्याशी भांडावं.

आधी हे काम काय असतं ते सांगते. एखाद्या बँकेकडे हजारो लॅपटॉप, फोन, सर्व्हर असतात. प्रत्येकाचा अनुक्रमांक, तो कुणाकडे आहे, वॉरंटी कधी संपते, त्यावर कोणती माहिती आहे, याची नोंद ठेवायची. वेळ झाली की उपकरण परत घ्यायचं, माहिती पुसायची, पुसल्याचा दाखला जोडायचा आणि ते दुरुस्ती करून विकणाऱ्याकडे किंवा पुनर्चक्रीकरणाला पाठवायचं. यात ढिलाई झाली तर काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२२ मध्ये इथल्या रोखे नियामकाने, एसईसीने, मॉर्गन स्टॅनलीच्या उपकंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती जपण्यात ती कमी पडली होती. जुनी उपकरणं हलवण्याचं आणि बाद करण्याचं काम तिने सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीवर सोपवलं होतं, जिला माहिती नष्ट करण्याचा कसलाही अनुभव नव्हता. त्यातली काही उपकरणं पुढे इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली, ग्राहकांची माहिती आत तशीच असताना.

तेव्हा हे काम महत्त्वाचं आहे, त्यासाठीचं सॉफ्टवेअर महत्त्वाचं आहे, त्यात पैसाही आहे. म्हणूनच पेटंटचे अर्ज येतात. त्यातला नेहमीचा दावा, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हवा याचं वर्णन, साधारण असा असतो: सर्व्हर उपकरणाचा अनुक्रमांक घेतो, खरेदीच्या तारखेवरून त्याचं वय काढतो, ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहतो, मर्यादा ओलांडली असेल तर अधिकाऱ्याला सूचना पाठवतो आणि संमती आली की नोंदीत त्या उपकरणापुढे ‘निवृत्त’ असं लिहितो. याच्या आगेमागे प्रोसेसर, स्मृती, नेटवर्क, डेटाबेस हे शब्द पेरलेले असतात.

प्रोसेसर आणि नेटवर्क काढून हा दावा पुन्हा वाचा. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेतलं डेड स्टॉक रजिस्टर समोर येईल. वस्तूचा क्रमांक, खरेदीची तारीख, मोडकळीला आल्याचा शेरा, वरिष्ठांची मंजुरी, निर्लेखन. आपले कारकून हे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून करत आले आहेत.

अमेरिकेतला परीक्षकही नेमकं हेच म्हणतो, फक्त त्याच्या भाषेत. इथल्या कायद्यात सॉफ्टवेअरला मनाई करणारं कलम नाही हे खरं, पण कलम १०१ खाली न्यायालयांनी अमूर्त कल्पनांना पेटंटबाहेर ठेवलं आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲलिस प्रकरणात एकमताने सांगितलं, की अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली एवढ्याने ती पेटंटयोग्य होत नाही. २०१९ पासून परीक्षकांसाठी त्याची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत ठरली आहे. दावा गणिती संकल्पना, मनात करता येणारी प्रक्रिया किंवा माणसांचे व्यवहार लावण्याची रीत यांपैकी कशात मोडतो का, हे आधी पाहायचं. मोडत असेल तर ती कल्पना एखाद्या प्रत्यक्ष उपयोगात मिसळून गेली आहे का, हे तपासायचं. तीही कसोटी उतरली नाही, तर नेहमीच्या भागांपलीकडे दाव्यात आणखी काही आहे का, ते शोधायचं. वरचा दावा या तिन्ही ठिकाणी अडकतो. त्याला अडवण्यामागे २०१६ च्या इलेक्ट्रिक पॉवर ग्रुप निकालाचाही आधार आहे: माहिती गोळा करणं, तिचं विश्लेषण करणं आणि निष्कर्ष दाखवणं, एवढंच असेल तर ती अमूर्त कल्पनाच. त्या प्रकरणात विषय वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर देखरेख ठेवण्याचा होता, म्हणजे आमच्या लॅपटॉपपेक्षा किती तरी गुंतागुंतीचा.

म्हणजे ‘अमेरिकेत असं कलम नाही’ हे वाक्य अर्धंच आहे. कलम नसल्यामुळे इथे काय झालं, तो उरलेला भाग भारतातल्या चर्चेत ऐकू येत नाही. १९९८ मध्ये स्टेट स्ट्रीट निकालाने व्यवसायाच्या पद्धतींसाठी दार सताड उघडलं. पुढची सोळा वर्षं, ॲलिसपर्यंत, अशी पेटंटं दिली जात राहिली. काहीही न बनवणाऱ्या कंपन्या ती विकत घेऊन लहान व्यावसायिकांना नोटिसा पाठवत राहिल्या. वकिलावरचा खर्च तडजोडीच्या रकमेपेक्षा मोठा असल्याने माणसं पैसे देऊन मोकळी होत. शेवटी २०११ च्या कायद्यात, आर्थिक सेवांशी निगडित अशी पेटंटं पुन्हा तपासण्यासाठी आठ वर्षांची खास तरतूद करावी लागली. ती २०२० मध्ये संपली. दिलेलं पेटंट मागे घ्यायला किती कष्ट आणि किती पैसा लागतो, हे इथे राहिलं की कळतं. भारताने हा सोळा वर्षांचा फेरा पुन्हा का घालावा, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

इथेही सगळे खूश नाहीत, हे सांगायला हवं. ॲलिसमुळे काय चालेल आणि काय नाही याचा अंदाज येत नाही, अशी तक्रार उद्योगांची आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. कलम १०१ ची कक्षा पुन्हा रुंदावणारं विधेयक सिनेटमध्ये २०२३ मध्ये आलं, २०२५ मध्ये पुन्हा मांडलं गेलं. ज्या नमुन्याकडे बोट दाखवून आपण आपला कायदा बदलू पाहतो, तो नमुना स्वतःच अजून ठरलेला नाही.

आपल्याकडचा इतिहास मला जास्त शहाणपणाचा वाटतो. हे कलम २००२ च्या दुरुस्तीने आलं. २००४ च्या अखेरीस वटहुकूम काढून ते सैल करण्याचा प्रयत्न झाला: उद्योगातला तांत्रिक वापर किंवा हार्डवेअरशी जोडलेला प्रोग्राम चालेल, असं त्यात होतं. २००५ मध्ये संसदेने पेटंट कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा हा बदल गाळला आणि जुने शब्द कायम ठेवले. त्याच वर्षी जुलैत युरोपीय संसदेने सॉफ्टवेअर पेटंटांचा प्रस्तावित निर्देश ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. दोन वेगळ्या खंडांतल्या लोकप्रतिनिधींनी काही महिन्यांच्या अंतराने एकाच प्रश्नावर नकार दिला होता. आज तो नकार मागासपणाचा ठरवला जातो, याचं मला वाईट वाटतं.

मात्र त्या नकाराचा अर्थ ‘सॉफ्टवेअर दिसलं की अर्ज फेटाळा’ असा कधीच नव्हता. माझ्याच क्षेत्रातला दुसरा दावा घ्या. उपकरणाच्या डिस्कवरची माहिती कायम कूटबद्ध असते. बाद करण्याचा आदेश आला की ती माहिती उलगडणारी, डिस्कच्या आतली किल्ली नष्ट होते. ती नष्ट झाल्याचं उत्तर उपकरणातली सुरक्षा चिप स्वतः सही करून पाठवते. ते पोचल्याखेरीज नोंद बदलत नाही, आणि ठरल्या वेळेत पोचलं नाही तर त्या उपकरणाचं नेटवर्क प्रमाणपत्र आपोआप रद्द होतं. इथे यंत्राच्या आत काहीतरी घडतं आहे. माणसाने खोटा शेरा मारण्याची शक्यता यंत्रणेनेच बंद केली आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका माहिती पुसण्याच्या चढत्या पातळ्या सांगते. त्यांतली कुठली पातळी गाठली याचा पुरावा उपकरणाकडूनच मिळवणं ही खरी तांत्रिक अडचण आहे. ती कुणी नव्या रीतीने सोडवली तर त्याला पेटंट मिळायला हवं. किल्ली नष्ट करून माहिती पुसणं हे तंत्र जुनं आहे, त्यामुळे नवेपणा कशात आहे हे परीक्षकाने बारकाईने तपासावं लागेल. पण ती तपासणी नावीन्याची आणि कल्पकतेची असेल. अर्ज दारातूनच परत पाठवण्याचं कारण नाही.

कलम ३(के) या दुसऱ्या दाव्याच्या आड येत नाही. फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की बंदी निव्वळ प्रोग्रामवर आहे. तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखवणारा शोध केवळ प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनाही वळणं घेत इथवर आल्या. २०१५ च्या सूचना काही महिन्यांतच स्थगित झाल्या, २०१६ मध्ये नवं हार्डवेअर हवंच अशी अट आली, २०१७ मध्ये ती गेली, आणि २०२५ मध्ये सविस्तर उदाहरणांसह नव्या सूचना निघाल्या.

मग दुखणं कुठे आहे? माझ्या मते आदेशांत आहे. भारतातल्या लहान कंपन्यांची तक्रार मी समजू शकते, कारण त्यांच्या हाती पडणारा कागद बरेचदा त्रोटक असतो: कलमाचा मजकूर उतरवलेला, दाव्याचा एखादा परिच्छेद चिकटवलेला आणि ‘सबब अर्ज नामंजूर’. दाव्यातला कुठला घटक निव्वळ प्रोग्राम आहे, तांत्रिक परिणाम का मानला नाही, हे त्यात सापडत नाही. उच्च न्यायालयांनी असे कारणं न देणारे आदेश अनेकदा रद्द करून परत पाठवले आहेत. अमेरिकेतला परीक्षक चुकतोही, कधी अतिशय ताठर असतो, पण त्याला प्रत्येक पायरीवर काय आढळलं ते लिहावं लागतं. अर्जदार त्याला फोन करून भेट मागू शकतो, तासभर दाव्यातल्या एकेका शब्दावर बोलू शकतो, आणि त्या बोलण्याची नोंद सार्वजनिक फाइलमध्ये लागते. भारतात सुनावणी असते, पण ती बहुतेक वेळा शेवटी, अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट नियंत्रकापुढे. पहिल्या परीक्षण अहवालानंतर लगेच अशी चर्चा झाली तर दुसऱ्या प्रकारचे दावे वाचतील आणि पहिल्या प्रकारचे अर्जदार वेळेवर मागे हटतील. त्यासाठी कायद्यातलं एकही अक्षर बदलावं लागत नाही.

२०२३-२४ या एका आर्थिक वर्षात भारतात एक लाखाहून अधिक पेटंटं मंजूर झाली, आणि त्याचा सार्वजनिक अभिमान व्यक्त झाला. मला त्या आकड्याने आनंदापेक्षा काळजी जास्त वाटली. वेग वाढला हे चांगलंच, पण त्यातली नोंदवहीवजा पेटंटं किती, हे कुणी विचारलं नाही.

आणि हे विचारणं आता निकडीचं आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत उपकरणांचे प्रकार २१ वरून १०६ झाले. उत्पादक, निर्माते, दुरुस्ती करून विकणारे आणि पुनर्चक्रीकरण करणारे, सगळ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, विवरणपत्रं द्यावी लागतात. उपकरण दुरुस्त करून त्याचं आयुष्य वाढवलं तर उत्पादकाची जबाबदारी तेवढी पुढे ढकलली जाते, आणि त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. म्हणजे उपकरणाचा माग ठेवणं आणि ते बाद झाल्याची नोंद करणं हे आता कायद्याने सांगितलेलं कर्तव्य आहे. त्या कर्तव्याच्या पद्धतीवर कुणाला वीस वर्षांचा मक्ता मिळाला, तर ज्या छोट्या दुरुस्तीवाल्याला आणि भंगारवाल्याला आपण औपचारिक व्यवस्थेत आणू पाहतो, त्याला नियम पाळण्यासाठीच परवाना विकत घ्यावा लागेल. भारतातल्या ई-कचऱ्याचा मोठा भाग अजून अनौपचारिक हातांतून जातो. त्या हातांच्या वाटेत आणखी एक अडसर टाकणारा बदल मला मान्य नाही.

आपल्याकडे एक हत्यार आहे, जे अमेरिकेत नाही. कलम २५(१) खाली पेटंट मंजूर होण्याआधी कुणीही विरोध नोंदवू शकतं, आपलं म्हणणं ऐकून घ्या अशी मागणी करू शकतं. इथे तिसऱ्या माणसाला ठरलेल्या मुदतीत जुने दस्तऐवज पाठवता येतात, पण त्यापुढे त्याला बोलायला जागा नाही. मंजुरीनंतरचं आव्हान खर्चिक असतं. २०२४ च्या नियमांनी भारतातल्या या विरोधावर शुल्क लावलं, आणि तो दाखल करून घ्यायचा की नाही हे आधी नियंत्रकाने ठरवायचं असं केलं. खोट्या विरोधांना आळा घालण्याचं कारण मला समजतं, पण पुनर्चक्रीकरणवाल्यांच्या एखाद्या लहान संघटनेला याचा जाच होऊ नये, एवढं पाहिलं पाहिजे. ३(के) वर लेख लिहिणाऱ्या, परिसंवाद भरवणाऱ्या उद्योग संघटनांनी या नियमांवरही तेवढ्याच जोरात बोलावं. आणि माग ठेवण्याच्या सॉफ्टवेअरचा अर्ज प्रसिद्ध झाला की आपल्या जुन्या नोंदवह्यांचे नमुने, सरकारी परिपत्रकं, मंडळाच्या पोर्टलचे तक्ते पुरावा म्हणून जोडून विरोध दाखल करावा. परीक्षकाच्या हातात हे कागद पडले, तर आजचं कलम पुरेसं आहे.