ट्रक ड्रायव्हर व्हायचंय? मग विचार कसला करताय!

देशाला ड्रायव्हर कमी पडतायत, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे. तेव्हा व्हाच. सांगणाऱ्यांची स्वतःची पोरं या लाइनीत का नाहीत, असले आगाऊ प्रश्न विचारू नका.

आधी हलक्या गाडीचं लायसन्स काढा, ते वर्षभर मुरू द्या, विशी पूर्ण झाली की हेवीचं लर्निंग. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतं. शिकून घ्यायचं की नुसतंच घ्यायचं, ते तुम्ही बघा.

कसारा घाट उतरताना न्यूट्रल मारा. मालक ॲव्हरेजवरून पैसे कापतो ना? नव्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जातच नाही, पण मालकाला हे कोण सांगणार! न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापून वास सुटतो, ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो, सारखा मारून हवेचा काटा खाली येतो, मग पेडल उरतं ते नावाला.

ओव्हरलोड? खुशाल भरा. कायद्याने दंड फक्त २० हजार, वर जादा टनाला २ हजार. वजनकाट्यावर धरलं की मालकाचा फोन लागत नाही, एवढंच.

आता गाडी खाली करणं, म्हणजे माल उतरवणं. परवा एका गोडाऊनच्या गेटवर सकाळी लावलेली गाडी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाली झाली, म्हणून हे जरा लांबेल. बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालपावती), इन्व्हॉइस, ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) खिडकीत द्या, टोकन घ्या आणि थांबा. साहेब जेवायला गेलेत. मग क्रेन बिघडलीय. मग 'उद्या बघू'. ताडपत्री आधी सोडलीत तर पाऊस येतो, नाही सोडलीत तर 'अजून सोडली नाही?' म्हणून नंबर मागे. ई-वे बिलाला २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी उभी असली तरी मुदत पळतेच. वाढवायचं तर संपायच्या आधीचे ८ तास नाहीतर नंतरचे ८, आणि नेमका तेव्हाच ऑफिसवाला झोपलेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे, त्यात बसा गारेगार. फक्त इंजिन चालू करू नका, डिझेल मोजून दिलंय. हॉल्टिंग, म्हणजे गाडी अडकवून ठेवल्याचे पैसे, मिळालेच तर मालकाला. तुमचा भत्ता ट्रिपवर, दिवसांवर नाही. संडास आत आहे, ड्रायव्हरला आत परवानगी नाही.

तिसऱ्या रात्री गाडी खाली झाली की फोन येतो: 'उद्या सकाळी इंदूरला लाग.' कसाऱ्यात डोळा लागला की पेपरात छापून येतं, 'चालकाचा ताबा सुटला.'

अहो, तीन दिवस त्याला झोपू कोणी दिलं नाही? गोडाऊनवाले, तुम्ही. टोकनवर वेळ लिहा आणि पाळा. ती चुकली तर हॉल्टिंगमधला वाटा ड्रायव्हरच्या हातात द्या. तुमचाच माल घेऊन आलेल्या माणसाला संडासला जाऊ देत नाही, लाज वाटत नाही? नळ आणि दोन संडास बांधायला पैसे नाहीत म्हणता, आणि कंपाउंडच्या भिंतीवर दर दहा फुटांवर 'येथे लघवी करू नये' रंगवायला बरे आहेत!