आठ दिवसांत आजोबांचं तैलचित्र

तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचंय? मग मडकी-फळं रंगवून हात बसवण्यात वेळ घालवू नका, थेट आजोबांना घ्या. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर असावं आणि बेळगावचा पाऊस ऐन भरात. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि गारठ्यात आणखी रेंगाळतात, पण श्राद्धाची तिथी बघून तेही घाई करतील.

मांजरपाट चौकटीला ठोका आणि लागा कामाला. जेसोचे, म्हणजे पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात कशाला? अस्तर नसलं की तेल कापडात मुरतं, रंग मरतो आणि कालांतराने कापड कुजतं. तोवर चित्र माळ्यावर गेलेलं असेल.

समोर आधार कार्डावरचा फोटो ठेवा. खिडकीतून एका बाजूने येणाऱ्या उजेडात नाकाची सावली पडते, चेहऱ्याला उठाव येतो. ती कटकटच नको. डोळे काढा कपाळात. ते डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, पण मोजतंय कोण! कवटी कापली गेली तर फेटा बांधा. भुवयांवर बसेल, बसू दे.

आता कातडी. कपाळ जरा पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, हनुवटीकडे करडी-हिरवट झाक, हे बघणाऱ्याला दिसतं. तुम्ही बघू नका. यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा, पांढरा एवढ्या चार ट्यूबांत बरंच साधतं, म्हणून तयार ‘स्किन कलर’च घ्या. उजेडाला नुसता टायटॅनियम व्हाइट मिसळा, चेहरा खडूचा होईल. सावलीला नुसता काळा, म्हणजे आजोबा चुलीपुढून उठून आल्यासारखे दिसतील.

पहिला हात जवसाचं तेल ओतून जाड द्या, वरचा टर्पेंटाइनने पातळ. वरचा आधी वाळतो, खालचा हलत राहतो, भेगा पडतात. नियम नेमका उलटा आहे, म्हणूनच.

एवढी एक गोष्ट चेष्टेत घेऊ नका: तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा.

याच बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी व्यक्तिचित्रं करायचे, चित्रकार रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले, असं कुणी सांगू लागलं तर चहा पाजून वाटेला लावा.

वार्निशला सहा महिने ते वर्षभर थांबायचं असतं. तुम्ही आठव्या दिवशी फासा. हार घालताना झेंडूच्या पाकळ्या गालाला चिकटल्या तर ओढू नका, तिथे तांबूसपणा कमीच पडला होता.